बंदीविना अडवणूक

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात १८७९ च्या कायद्याने गर्भनिरोधक साधन वापरणे हाच गुन्हा ठरवला होता, आणि त्यातून विवाहित जोडप्यांचीही सुटका नव्हती. १९६१ मध्ये एस्टेल ग्रिसवॉल्ड आणि डॉ. ली बक्सटन यांनी न्यू हेवन येथे कुटुंबनियोजन केंद्र उघडले, तेव्हा दोघांना अटक होऊन प्रत्येकी शंभर डॉलर दंड झाला. हाच खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६५ मध्ये तो कायदा रद्द ठरला. अविवाहितांना हा हक्क मिळण्यास १९७२ साल उजाडले.

जून २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने गर्भपाताचे घटनात्मक संरक्षण काढून घेतले. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी आपल्या स्वतंत्र मतात ग्रिसवॉल्ड निकालाचाही फेरविचार व्हावा असे लिहिले, मात्र त्यांना सहकाऱ्यांची साथ मिळाली नाही. तो निकाल कायम आहे. तरीही बंदी नाही म्हणजे धोका नाही, असे मानणाऱ्यांनी टेक्सासचा अनुभव पाहावा.

टेक्सासच्या विधिमंडळाने २०११ मध्ये कुटुंबनियोजनाच्या निधीत सुमारे दोन तृतीयांश कपात केली. रोख गर्भपात करणाऱ्या संस्थांशी संलग्न केंद्रांवर होता. प्रत्यक्षात ऐंशीहून अधिक केंद्रे बंद पडली किंवा त्यांनी ही सेवा थांबवली, आणि त्यांतील बहुतेकांचा गर्भनिरोधन आणि गर्भपाताच्या सेवा देणाऱ्या प्लॅन्ड पॅरेंटहूड या संस्थेशी काही संबंध नव्हता. २०१३ पासून या संस्थेला राज्याच्या महिला आरोग्य योजनेतूनही वगळण्यात आले. जिथे तिची केंद्रे होती, त्या भागांत योजनेतून तांबी किंवा दंडात बसवायचे इम्प्लांट घेण्याचे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक घटल्याचे पुढे संशोधकांना आढळले. गर्भनिरोधक इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यावे लागते. जवळचे केंद्र गेले की पुढची तारीख हुकते, आणि इंजेक्शन वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये सरकारी खर्चाने होणारी बाळंतपणे वाढली. खर्च वाचवण्याचा हा मार्ग निश्चितच नव्हता.

आयडाहोमध्ये तर गर्भपातविषयक कायद्यांच्या भीतीनेच काम केले. सप्टेंबर २०२२ मध्ये तेथील राज्य विद्यापीठाच्या विधी विभागाने कर्मचाऱ्यांना कळवले की, गर्भनिरोधके पुरवू नयेत. कंडोम द्यायचेच असतील तर लैंगिक आजार टाळण्यासाठी द्यावेत, गर्भधारणा टाळण्यासाठी नव्हे. वस्तू एकच, पण कर्मचाऱ्याने घेणाऱ्याचा हेतू ओळखायचा.

या हक्काला राज्याच्या कायद्याचा आधार देण्याचे प्रयत्नही झाले. मिशिगनच्या मतदारांनी २०२२ मध्ये तो राज्यघटनेत नोंदवला. नेवाडात २०२३ मध्ये आणि व्हर्जिनियात २०२४ मध्ये मात्र विधिमंडळाने संमत केलेली विधेयके गव्हर्नरांनी नकाराधिकार वापरून रोखली. व्हर्जिनियाचे तत्कालीन गव्हर्नर ग्लेन यंगकिन यांनी गर्भनिरोधकांना आपला पाठिंबा असल्याचे सांगितले, पण विधेयकामुळे धार्मिक स्वातंत्र्याला बाधा येते असे कारण दिले.

जून २०२५ मध्ये साउथ कॅरोलायनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला की, मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेतून राज्याने एखादे केंद्र वगळल्यास रुग्णाला मेडिकेडच्या कायद्याच्या आधारे न्यायालयात दाद मागता येणार नाही. प्लॅन्ड पॅरेंटहूडला वगळण्याचा आदेश गव्हर्नर हेन्री मॅकमास्टर यांनी २०१८ मध्येच काढला होता. मोजके अपवाद सोडले तर केंद्र सरकारच्या निधीतून मेडिकेड गर्भपाताचा खर्च देतच नाही. त्यामुळे या आदेशाने जे पैसे अडतात, ते गर्भनिरोधकांचे आणि कर्करोगाच्या तपासण्यांचे आहेत.