आयडाहो खाली उतरलं, ते बरं झालं

[दृश्य: विजा चमकतायत, प्रेक्षक स्टेडियममधून बाहेर पडतायत]

30 ऑगस्ट 2014. फ्लोरिडातलं गेन्सव्हिल. पाऊस आणि विजांमुळे दोन विद्यापीठांमधला अमेरिकन फुटबॉलचा (चेंडू हातात घेऊन धावण्याच्या खेळाचा) सामना कितीतरी उशिरा सुरू झाला. पहिली किक झाली, यजमान फ्लोरिडा विद्यापीठाच्या खेळाडूनं चेंडू घेऊन लांब धाव मारली आणि पुन्हा वीज कडाडली. सामना थांबला तो थांबलाच. आयडाहो विद्यापीठाचा संघ या एका किकसाठी देशाच्या वायव्य कोपऱ्यातून आग्नेय टोकापर्यंत आला होता. ठरलेले 9 लाख 75 हजार डॉलर मात्र त्यांना पूर्ण मिळाले.

हे पैसे कसले? अमेरिकेत बड्या विद्यापीठांना मोसमाच्या सुरुवातीला घरच्या मैदानावर एखादा सोपा विजय हवा असतो. त्यासाठी ते लहान संघाला रोख रक्कम देऊन बोलावतात. लहान विद्यापीठाचं क्रीडाखातं त्या रकमेवर वर्षाचा हिशेब जुळवतं. आदल्याच मोसमात फ्लोरिडा स्टेट या दुसऱ्या बड्या विद्यापीठानं आयडाहोला 80-14 असं तुडवलं होतं. खातं चालवायला पैसे हवेत, म्हणून एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांना मार खायला पाठवायचं. हा व्यवहार मला कधीच पटलेला नाही.

[दृश्य: मॉस्को शहर, भोवती गव्हाची शेतं]

आयडाहो राज्यातलं मॉस्को. वस्ती सुमारे 25 हजार. विद्यापीठाचं स्टेडियम म्हणजे किबी डोम, अर्ध्या पिंपासारखं गोल छप्पर असलेलं, जेमतेम 16 हजार माणसांचं. विद्यापीठांच्या फुटबॉलमध्ये दोन मोठ्या श्रेणी आहेत, वरची आणि तिच्याखालची. वरच्या श्रेणीत टिकायचं तर घरच्या सामन्यांना सरासरी 15 हजारांची गर्दी दाखवावी लागे. म्हणजे दर सामन्याला स्टेडियम जवळजवळ भरायलाच हवं, आणि तेही एवढ्याशा गावात.

मग हे विद्यापीठ वर गेलंच कशाला? उत्तर दक्षिणेला, बॉईसी शहरात आहे. कॉन्फरन्स म्हणजे एकमेकांशी नियमित खेळणाऱ्या आणि टीव्हीचे पैसे वाटून घेणाऱ्या विद्यापीठांचा गट. आयडाहो आणि बॉईसी स्टेट, दोघंही खालच्या श्रेणीतल्या बिग स्काय या प्रादेशिक गटात होते. 1996 साली दोघांनीही एकदमच वरच्या श्रेणीत उडी घेतली. बॉईसी राज्याची राजधानी, वाढतं शहर, धंदा-व्यापार हाताशी. त्यांचा संघ मोठा झाला आणि 2007 च्या फिएस्टा बोल या मोसमाअखेरच्या मानाच्या सामन्यात त्यांनी थेट ओक्लाहोमासारख्या बड्या संघाला हरवलं. 1999 ते 2010 या काळात आयडाहोला बॉईसीविरुद्ध एकही सामना जिंकता आला नाही. शेजारी वर गेला की आपण खाली राहायचं कसं, या ईर्ष्येपायी किती विद्यापीठांनी आपला खिसा फाडून घेतला असेल!

पुढची अठरा-वीस वर्षं आयडाहोची एका गटातून दुसऱ्या गटात नुसती फरफट झाली. बिग वेस्ट, मग सन बेल्ट, मग डब्ल्यूएसी. त्या गटानं फुटबॉल बंद केला, तेव्हा एक वर्ष कुठल्याच गटाविना. 2014 मध्ये पुन्हा सन बेल्ट, तेही फक्त फुटबॉलपुरतं. बाकीचे खेळ परत बिग स्कायमध्ये गेले.

[दृश्य: नकाशा, मॉस्कोपासून निघणाऱ्या लांब रेषा]

हा नकाशा नीट बघा. सन बेल्टमधले आयडाहोचे प्रतिस्पर्धी कुठे होते? जॉर्जियात स्टेट्सबरो, अलाबामात मोबील, लुइझियानात लाफायेट, आर्कान्सात जोन्सबरो. खेळाडू, प्रशिक्षक, फिजिओ, सामान, सगळा लवाजमा विमानानं न्यायचा, हॉटेलात उतरवायचा, जेवू घालायचा. शिवाय तेव्हा वरच्या श्रेणीत 85 शिष्यवृत्त्यांची मुभा होती, खालच्या श्रेणीत 63. या जास्तीच्या बावीस जणांची फी, राहणं आणि जेवण दरवर्षी कुणाला तरी भरावं लागे. मोबीलहून मॉस्कोला सामना बघायला येणार कोण? परगावचा प्रेक्षक नाही, म्हणजे तिकीटविक्रीही नाही. टीव्हीचे पैसे गटाच्या वकुबानुसार मिळतात, आणि सन बेल्टचा वकूब तेव्हा बेताचाच होता.

मार्च 2016 मध्ये सन बेल्टनं कळवलं, 2017 नंतर तुमच्याशी करार नाही. दुसऱ्याच महिन्यात आयडाहो विद्यापीठाचे अध्यक्ष चक स्टेबन यांनी जाहीर केलं की फुटबॉलसुद्धा बिग स्कायमध्ये परत जाईल. आधुनिक काळात वरच्या श्रेणीतून आपणहून खाली उतरलेलं हे पहिलं विद्यापीठ. माजी विद्यार्थी आणि देणगीदार भडकले. त्यात त्याच मोसमात संघानं नऊ सामने जिंकले आणि डिसेंबरमध्ये बॉईसीतल्या पोटॅटो बोलमध्ये कोलोरॅडो स्टेटला 61-50 असं हरवलं. त्यांचा राग मला समजतो. पण एका चांगल्या मोसमानं नकाशातली अंतरं कमी होत नाहीत.

खाली उतरल्यावर काय झालं? पैशांची ओढाताण काही संपली नाही, हे सांगायलाच हवं. पण 2022, 2023 आणि 2024, अशी सलग तीन वर्षं संघ आपल्या श्रेणीच्या बाद फेरीत पोचला. मोंटानासारख्या जुन्या शेजाऱ्याशी पुन्हा गाठ पडू लागली. आणि वरच्या श्रेणीतल्या नेवाडाला त्यांनी 2023 मध्ये 33-6 असं लोळवलं.

[दृश्य: डॅलस शहर]

दुसरं टोक टेक्सासमध्ये आहे. डॅलसमधलं सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ 2024 मध्ये एसीसी या बड्या गटात गेलं, ते नऊ वर्षं टीव्हीच्या पैशांतला वाटा न घेण्याच्या अटीवर! प्रवेश जाहीर झाल्यावर आठवड्याभरात धनाढ्य माजी विद्यार्थ्यांनी 10 कोटी डॉलर उभे केले. पहिल्याच मोसमात संघ गटाच्या अंतिम सामन्यापर्यंत आणि राष्ट्रीय प्लेऑफपर्यंत गेला. त्यांना हे परवडलं, कारण खड्डा भरणारे लोक ठरलेले होते आणि ते स्वखुशीनं भरत होते.

कनेटिकट विद्यापीठानं उलट हिशेब केला. क्रीडाखात्याची वर्षाची तूट 4 कोटी डॉलरच्या वर गेल्यावर 1 कोटी 70 लाख मोजून 2020 मध्ये ते आपला गट सोडून बास्केटबॉलच्या जुन्या बिग ईस्टमध्ये परतले. 2023 आणि 2024, दोन्ही वर्षं त्यांचा पुरुष बास्केटबॉल संघ राष्ट्रीय विजेता ठरला.

बहुतेक मधल्या फळीतल्या विद्यापीठांकडे डॅलससारखे देणगीदार नसतात. तिथे तूट विद्यापीठाच्या तिजोरीतून किंवा विद्यार्थ्यांच्या फीतून भरली जाते. अनेक सरकारी विद्यापीठांत ही फी सक्तीची असते. सामन्याला पाऊल न ठेवणाऱ्यालाही ती चुकत नाही. आपल्या पुण्या-नागपुरातून कर्ज काढून तिकडे शिकायला गेलेली मुलंही ती भरतात.

आता खर्च आणखी चढलाय. 2023 मध्ये वरच्या श्रेणीत येण्याचं प्रवेशशुल्क 5 हजार डॉलरवरून थेट 50 लाखांवर गेलं. 2025 पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा 2 कोटी 5 लाख डॉलर. म्हणून गट बदलण्याचा ठराव मताला टाकण्याआधी प्रत्येक विद्यापीठानं दोन आकडे जाहीर करावेत: पुढच्या दहा वर्षांत तूट किती येईल, आणि त्यातली किती विद्यार्थ्यांकडून वसूल होईल. मत देण्याचा पहिला हक्कही त्या विद्यार्थ्यांनाच मिळावा.