उंदीर, वेण्या आणि युयाय्याको

श्रोतेहो, नमस्कार.

आजच्या डोंगराचं नाव युयाय्याको. दोन-तीनदा म्हणा, जीभ वळते! चिली आणि अर्जेंटिनाच्या सीमेवर, अटाकामाच्या वाळवंटाकडेला हा ज्वालामुखी उभा आहे. उंची ६७३९ मीटर. चार कळसूबाई एकावर एक रचल्या तरी दीडशे मीटर कमीच पडतात. शेवटचा उद्रेक झाला १८७७ साली. माथ्यावर हवा आपल्याकडच्या निम्म्याहून विरळ, आणि गवताचं पातंसुद्धा नाही.

अशा जागी २०२० च्या फेब्रुवारीत जे स्टॉर्झ या जीवशास्त्रज्ञाने एक उंदीर पकडला. पिंजरा नाही, काही नाही, नुसत्या हाताने. मोठाल्या कानांचा, जिवंत उंदीर. इतक्या उंचावर राहणारा सस्तन प्राणी तोवर कुणी नोंदवला नव्हता. तिथे तो खातो काय, यावर शास्त्रज्ञ अजून डोकं खाजवताहेत.

उंदीर आपल्या मर्जीने चढला असेल. पण त्याच माथ्यावर पाचशे वर्षांपूर्वी तीन मुलांना नेलं गेलं, देवाला अर्पण करायला. दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या इंका राज्याची ती रीत होती. १९९९ साली योहान राइनहार्ड आणि कोन्स्तान्सा सेरुती या पुरातत्त्वज्ञांच्या पथकाला अर्जेंटिनाच्या बाजूला ही मुलं सापडली. कोरड्या थंडीने देह जसेच्या तसे राहिलेले. एका चिमुरडीवर नंतर कधीतरी वीज पडली होती, तिच्या अंगावर भाजल्याच्या खुणा आहेत.

थोरली तेरा ते पंधरा वर्षांची. मांडी घालून बसलेली, मान किंचित झुकलेली, केसांच्या बारीक-बारीक वेण्या. कुणीतरी बसून, निगुतीने घातलेल्या.

केस महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतात, आणि आपण जे खातो त्याच्या खुणा त्यांत उतरतात. त्यामुळे त्या वेण्यांत तिच्या शेवटच्या दोनेक वर्षांचं खाणंपिणं लिहिलेलं सापडलं. आधी साधं अन्न. मग वर्षभर आधी एकदम मका आणि मांस, म्हणजे घरातून उचलून तिला मानाच्या जागी नेलं असणार. त्याबरोबर कोकाची, म्हणजे चघळली की गुंगवणारी, पानं वाढली. आणि अखेरच्या काही आठवड्यांत मक्याची दारू, भरपूर. तिच्या तोंडात कोकाचं पान तसंच होतं. तिला गुंगीत ठेवलं होतं, असं मला तरी वाटतं.

आता ही मुलं अर्जेंटिनातल्या साल्टा शहरातल्या संग्रहालयात, उणे वीस अंशांच्या काचपेटीत आहेत. एका वेळी एकालाच लोकांना बघायला ठेवतात. तिथल्या काही मूळनिवासींना हे मान्य नाही. आमची लेकरं डोंगरावरच राहायला हवी होती, असं ते म्हणतात.