एका पानावर कृष्णा

(सकाळ. अप्पा बळवंत चौक. दुकानांची शटरं वर जातायत.)

पुण्यात अभ्यासाचं पुस्तक घ्यायचं तर अप्पा बळवंत चौक. वही, पेन, फाईल घ्यायची तरी तोच. काउंटरच्या कडेला हा कागद बघा. पेन चालवून बघायला ठेवलेला. रेघोट्या, गोल, नुसत्याच सह्या.

ही मुलगी मात्र पेनाआधी कागद बघते. उजेडाकडे धरून.

"काका, शंभर जीएसएम आहे का?"

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. झेरॉक्सचा कागद साधारण ७०-७५चा. त्यावर स्केचपेन टेकवलं की मागे उमटतं, पाठपोट वापरता येत नाही. शंभरचा बऱ्यापैकी निभावतो.

काका ए-थ्री काढतात. ती ए-फोरच मागते. बारा स्केचपेनांचं पाकीट हातात घेते, परत ठेवते. चार रंगांची साधी बॉलपेनं, एक पेन्सिल, खोडरबर. संपली खरेदी. बारा रंग घेतले की अर्धा तास रंग निवडण्यातच जातो, हे आमचं मत. तिने ते न बोलता अमलात आणलं.

(अभ्यासिका. वरून दिसणारी टेबलं.)

ए-थ्री का नको, ते इथे कळतं. दोन फळ्यांच्या मध्ये एक टेबल. ४२ सेंटीमीटरचा कागद पसरला तर पुस्तक मांडीवर घ्यावं लागेल.

ती काढतेय माइंड मॅप, म्हणजे एका विषयाचा एका पानावरचा फांद्याफांद्यांचा आराखडा. हा प्रकार टोनी बुझान यांनी १९७४मध्ये बीबीसीच्या मालिकेतून लोकांपुढे आणला. कागद आडवा, विषय मधोमध, फांद्या वळणदार, एका फांदीवर एकच शब्द. आज हिचा विषय आहे कृष्णा नदी. आणि तिने पहिलाच नियम मोडलाय: कागद उभा धरलाय. बरोबरच आहे. नदीला वाहायला जागा हवी.

(पेनाचं टोक, अगदी जवळून.)

वर महाबळेश्वर. तिथून जाड निळी रेघ खाली. माहुलीला वेण्णा. कऱ्हाडला कोयना. सांगलीजवळ वारणा. नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. या सगळ्या उजव्या तीराच्या, म्हणून तिने उजवीकडे काढल्या.

इथे हात थांबतो.

उजवा तीर ठरतो नदी वाहते त्या दिशेला तोंड करून. कृष्णा कागदावर वरून खाली येते, म्हणजे तिचा उजवा तीर आपल्या डाव्या हाताला. खोडरबर निघतं. चारही नद्या पलीकडे जातात. उजवीकडे उरते डाव्या तीराची येरळा.

मोबाइलवर तयार माइंड मॅप पाहिजे तेवढे मिळतात, छान रंगीत. त्यात ही चूक नसते, आणि म्हणून ही खाडाखोडही नसते. आम्हाला ही खाडाखोडच दाखवायची होती.

(फाईल उघडताना.)

प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात खूण. भू-७, म्हणजे भूगोलातला सातवा. खाली तारखा, पान जेव्हा जेव्हा न बघता पुन्हा काढलं, तेव्हाच्या. सगळ्यात वर अनुक्रमणिका, पेन्सिलने, कारण क्रम बदलत राहतो. डावीकडे दोन बोटं जागा कोरी. हे शहाणपण नंतरचं. या जुन्या पानावर बघा, पंचचं भोक नेमकं वारणेवर पडलंय.

हा सगळा खटाटोप राज्यसेवेसाठी, म्हणजे एमपीएससीच्या परीक्षेसाठी. तिची मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाली. आता पर्याय नाहीत, उत्तर लिहायचं.

(संध्याकाळ. तेच टेबल.)

फाईल बंद. कोरा कागद. महाबळेश्वर, वेण्णा, कोयना, वारणा, पंचगंगा. या वेळी सगळ्या डावीकडे. मग ती फाईल उघडून ताडून बघते, आणि उजवीकडे लाल पेनाने एक फांदी काढते.

येरळा राहिली होती.