मदत कुठे संपते आणि पहारा कुठे सुरू होतो

श्रोतेहो, नमस्कार. टाइप १ मधुमेह, अपस्मार किंवा आतड्यांचा दीर्घकाळचा दाह असे आजार पुष्कळदा बालपणी अथवा ऐन तारुण्यात सुरू होतात. अठरा ते पंचवीस हे वय आई-वडिलांपासून स्वतंत्र होण्याचे. बालरोगतज्ज्ञांना सोडून प्रौढांच्या डॉक्टरांकडे जाण्याची वेळही याच सुमारास येते, आणि तपासण्या नेमक्या याच काळात बुडू लागतात.

मग घरची माणसे काळजीपोटी विचारत राहतात, "साखर किती आली? इन्सुलिन घेतलंस ना?" तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा अहवाल हाती आला की त्याचे प्रगतिपुस्तक होते; आकडा वाढलेला असला तर मुलगी अपराधी ठरते आणि पुढच्या वेळी तो लपवते. मानसशास्त्रज्ञ जेम्स कॉयन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये अशा फसलेल्या मदतीची मांडणी केली आणि बार्बरा अँडरसन यांच्यासह १९९१ मध्ये ती आजारी मुले व पालक यांच्या नात्याला लावून पाहिली. मदत करणाऱ्याने जीव ओतलेला असतो, त्यामुळे प्रकृती सुधारली नाही की त्याला तो आपलाच पराभव वाटतो आणि मायेच्या जागी दोषारोप येतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. पालकांना दुष्ट न ठरवता हे सांगता आले, म्हणून मला ही मांडणी मोलाची वाटते.

मात्र पालकांनी अंग काढून घेणे हा यावरचा उपाय नव्हे. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर एकाएकी उतरली तर त्याला स्वतःला सावरणे अशक्य होऊ शकते. इथे मित्र, खोलीतला सोबती किंवा जोडीदार उपयोगी पडतो, पण त्याला आजार ठाऊक असेल तरच. अपस्माराचा झटका आला तर कुशीवर वळवायचे, तोंडात काहीही घालायचे नाही, घड्याळ पाहायचे आणि झटका पाच मिनिटांवर गेला तर रुग्णवाहिका बोलवायची, एवढे मित्राला आधी सांगून ठेवता येते. नव्या जोडीदाराला सांगणे अधिक अवघड असते; ते कधी सांगायचे, हे त्या तरुणानेच ठरवावे.

घरातही असेच आधी बोलून घ्यावे. रोजचे आकडे विचारायचे नाहीत, डॉक्टरांकडे बोलावले तरच सोबत जायचे. पण साखर वारंवार सत्तरच्या खाली जाऊ लागली तर मुलीने ते घरी सांगायचे, आणि ऐकणाऱ्याने त्या वेळी रागवायचे नाही.