मुलामागे सव्वीस डॉलर

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका खटल्याविषयी बोलायचं आहे. तो अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात उभा राहिला. कष्टकरी आईबापांनी तो भरला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि तिथे एका मताच्या फरकाने हरले. पण त्या हरण्याने प्रश्न मिटला नाही, म्हणूनच ही हकिकत मला आपल्यापर्यंत पोचवायची आहे.

१९६८ सालचा मे महिना. सॅन अँटोनियो शहराच्या पश्चिम अंगाला एजवूड नावाची वस्ती आहे. तिथल्या हायस्कूलची सुमारे चारशे मुलं वर्ग सोडून बाहेर पडली आणि शिक्षण अधिकाऱ्यांच्या कचेरीवर चालत गेली. शिक्षणाची पात्रता असलेले शिक्षक द्या, मोडकी इमारत दुरुस्त करा, एवढंच त्यांचं मागणं होतं. एजवूडमधली दर दहातली नऊ मुलं मेक्सिकन वंशाच्या घरांतली होती, आणि तिथले जवळपास निम्मे शिक्षक तात्पुरत्या परवान्यावर शिकवत होते.

मुलांच्या पाठोपाठ पालक एकत्र आले. त्यांच्यात डेमेट्रिओ रॉड्रिग्ज होते. जवळच्या केली हवाई तळावर पत्र्याचं काम करणारे कामगार, दुसऱ्या महायुद्धात नौदलात राहून आलेले. पालकांना आधी वाटलं, शाळेचा पैसा कुणीतरी खातंय. ते आर्थर गोकमन नावाच्या वकिलाकडे गेले. गोकमन यांनी हिशेब पाहिला आणि सांगितलं, पैसा कुणी खाल्लेला नाही, पैसा मुळात येतच नाही.

इथे थोडं थांबून हा हिशेब समजून घेऊ, कारण सगळा खटला त्यातच आहे.

अमेरिकेत सरकारी शाळांचा मोठा खर्च स्थानिक घरपट्टीतून भागतो. प्रत्येक भागाचा स्वतंत्र शाळा-जिल्हा असतो, तो आपल्या हद्दीतल्या घरांवर, दुकानांवर, कारखान्यांवर कर बसवतो. एजवूड ही नुसती राहती वस्ती. दुकानं, कारखाने जवळपास नाहीतच. करपात्र मालमत्ता मोजली तर पटावरच्या एका मुलामागे ५,९६० डॉलर. त्याच शहरात अलामो हाइट्स नावाची सधन वस्ती. तिथे हाच आकडा ४९ हजारांच्या वर. एजवूडच्या लोकांनी शंभर डॉलरच्या मालमत्तेवर १ डॉलर ५ सेंट कर लावून घेतला होता. शहर परिसरातला हा सगळ्यांत चढा दर. अलामो हाइट्सवाले ८५ सेंट भरत होते. राज्य आणि शाळा-जिल्हे मिळून शाळांचा किमान खर्च भागवणाऱ्या योजनेतला आपापला ठरलेला वाटा देऊन झाल्यावर १९६७-६८ या वर्षी एजवूडच्या हाती मुलामागे २६ डॉलर उरले. अलामो हाइट्सच्या हाती ३३३.

म्हणजे गरीब जास्त दराने कर भरत होते आणि त्यांच्या मुलांच्या वाट्याला जेमतेम तेरावा हिस्सा येत होता. राज्याने ही दरी भरून काढायला हवी होती. राज्याने एजवूडला मुलामागे २२२ डॉलर दिले आणि अलामो हाइट्सला २२५. होय, श्रीमंत वस्तीला तीन डॉलर जास्तच. केंद्राची मदत धरून एजवूडची बेरीज ३५६ वर गेली, अलामो हाइट्सची ५९४ वर.

कुणी म्हणेल, मग एजवूडच्या लोकांनी दुसरीकडे राहायला जायचं होतं. पण सॅन अँटोनियोतल्या कितीतरी वस्त्यांच्या खरेदीखतांतच मेक्सिकन माणसाला घर विकायचं नाही अशी अट एके काळी घातलेली असे. वंश आणि पैसा या दोन गोष्टी तिथे एकाच नकाशावर आखल्या गेल्या होत्या. १९५४ साली ब्राऊन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या होत्या. कातडीच्या रंगावरून मुलांना वेगळं काढता येत नसेल, तर बापाच्या घराच्या किमतीवरून कसं काढता येतं, हा रॉड्रिग्ज आणि त्यांच्या सोबतच्या पालकांचा सवाल होता. मला तो आजही बिनतोड वाटतो.

१९६८ च्या उन्हाळ्यात दावा दाखल झाला. १९७१ च्या डिसेंबरमध्ये तीन न्यायाधीशांच्या संघीय न्यायालयाने एकमुखाने पालकांच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियाच्या, म्हणजे त्या राज्याच्या स्वतःच्या, सर्वोच्च न्यायालयाने सेरानो खटल्यात असाच निकाल दिला होता. वारं बदलतंय असं वाटण्यासारखेच ते दिवस होते. एक गोष्ट जाता जाता सांगतो. पालकांनी सुरुवातीला शहरातल्या शाळा-जिल्ह्यांनाही प्रतिवादी केलं होतं. त्यांतला मोठा सॅन अँटोनियो शाळा-जिल्हा पुढे खटल्यातून वगळला गेला आणि त्याने पालकांच्या बाजूने न्यायालयात निवेदन दिलं. तरी खटला आजही कायद्याच्या पुस्तकांत 'सॅन अँटोनियो शाळा-जिल्हा विरुद्ध रॉड्रिग्ज' याच नावाने ओळखला जातो. खरी लढत टेक्सास राज्याशी होती.

राज्याने अपील केलं. २१ मार्च १९७३ रोजी वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. पाच विरुद्ध चार, पालक हरले.

बहुमताचा निकाल न्यायमूर्ती लुईस पॉवेल यांनी लिहिला. ते स्वतः पूर्वी रिचमंड शहराच्या शाळा मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकेच्या संघराज्याच्या घटनेत शिक्षणाचा हक्क कुठेही दिलेला नाही, तो तिच्यात गृहीत आहे असंही म्हणता येत नाही. गरीब माणूस गरीब शाळा-जिल्ह्यातच राहतो हे सिद्ध झालेलं नाही. शाळांचा कारभार स्थानिक लोकांच्या हाती राहावा हा हेतू रास्त आहे. आणि जवळपास सगळीच राज्यं अशा करावर शाळा चालवतात, न्यायाधीशांनी त्यात हात घातला तर देशभरची घडी विस्कटेल.

हा शेवटचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. न्यायालयाकडे तिजोरी नसते, कर बसवण्याचा अधिकार नसतो, ही खरी अडचण आहे. पण स्थानिक कारभाराचा युक्तिवाद मला पटत नाही. सगळ्यांत जास्त दराने कर भरूनही ज्या वस्तीच्या हाती २६ डॉलर उरतात, तिने कारभार तो कशाचा करायचा?

विरोधी मत देणाऱ्या चौघांत थरगुड मार्शल होते. ब्राऊन खटला ज्यांनी वकील म्हणून लढवला आणि जिंकला, तेच मार्शल आता न्यायमूर्ती होते. शिक्षणातल्या समान संधीचं जे वचन या देशाने दिलं, त्यापासून न्यायालय आज माघार घेत आहे, असं त्यांनी लिहिलं. त्यांचं विरोधी निकालपत्र लांबलचक आहे, आणि त्याच्या एका तळटीपेत त्यांनी पुढची वाट दाखवून ठेवली. आजच्या निकालामुळे राज्यांच्या स्वतःच्या घटनांखाली हाच प्रश्न विचारायला कोणतीही आडकाठी येत नाही, अशा आशयाची ती टीप आहे.

निकालाच्या दिवशी रॉड्रिग्ज म्हणाले, गरीब पुन्हा हरले. तळटिपेचा अर्थ मात्र वकिलांना लगेच कळला. रॉड्रिग्ज निकालाला दोन आठवडेही झाले नव्हते, आणि न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या घटनेचा आधार घेऊन तिथली शाळांच्या पैशाची व्यवस्था बेकायदा ठरवली. विधिमंडळाने पैसे उभे केले नाहीत तेव्हा १९७६ च्या जुलैत त्याच न्यायालयाने शाळांवरचा खर्च थांबवला. शाळा बंद पडल्या, आणि काही दिवसांतच न्यू जर्सीने आपला पहिला आयकर मंजूर केला. न्यायालयाच्या हाती तिजोरी नसते हे खरं, पण तिजोरीवाल्यांना निर्णय घ्यायला ते भाग पाडू शकतं, हे इथे दिसलं.

टेक्सासला वेळ लागला. १९८४ साली मेक्सिकन अमेरिकन लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या, माल्डेफ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने एजवूडच्या वतीने राज्याच्या न्यायालयात नवा खटला भरला. ही संस्था १९६८ सालीच सॅन अँटोनियोत स्थापन झाली होती. डेमेट्रिओ रॉड्रिग्ज याही वेळी फिर्यादींमध्ये होते. टेक्सासच्या १८७६ च्या घटनेने मोफत सार्वजनिक शाळांची कार्यक्षम व्यवस्था उभारण्याची जबाबदारी विधिमंडळावर टाकली आहे. वकिलांनी तेच कलम हाती धरलं. यावेळी पुरावा आणखी भक्कम होता. राज्यातल्या सगळ्यांत श्रीमंत आणि सगळ्यांत गरीब शाळा-जिल्ह्यांमध्ये मुलामागच्या मालमत्तेचं प्रमाण ७०० ला १ असं निघालं. ऑक्टोबर १९८९ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. नऊच्या नऊ न्यायमूर्ती एजवूडच्या बाजूने.

पण निकालाचा कागद हाती आला म्हणून पैसा हाती येत नाही. विधिमंडळाने केलेले पुढचे दोन कायदे न्यायालयाला पुन्हा रद्द करावे लागले. १९९३ साली श्रीमंत शाळा-जिल्ह्यांच्या करातला काही भाग गरीब शाळा-जिल्ह्यांकडे वळवणारा कायदा आला. लोक त्याला रॉबिन हूड म्हणू लागले, काही कौतुकाने, बरेचसे रागाने. १९९५ साली तो न्यायालयात टिकला. दरी बरीच कमी झाली. ती मिटली असं मात्र कुणी म्हणू नये. टेक्सासात शाळांच्या पैशावरून त्यानंतरही खटले होत राहिले आणि २०१६ च्या निकालात राज्याची व्यवस्था सदोष आहे, तरी घटनेची किमान अट पुरी करते, असं म्हणून न्यायालयाने हात आखडता घेतला.

आता एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल. शाळेला पैसा जास्त मिळाला म्हणून गरीब मुलाचं आयुष्य बदलतं का? किराबो जॅक्सन, रकर जॉन्सन आणि क्लॉडिया पर्सिको या तीन अभ्यासकांनी न्यायालयीन निकालांमुळे झालेल्या अशा बदलांचा माग काढला. शाळेच्या बाराही वर्षांत मुलामागचा खर्च दहा टक्के जास्त राहिला, तर ती मुलं मोठेपणी सुमारे सात टक्के जास्त कमावतात, आणि याचा सर्वांत मोठा लाभ गरीब घरच्या मुलांना होतो, असं त्यांना आढळलं. मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइट शहराच्या मुलांनी तर २०१६ साली लिहिता-वाचता येण्याचा हक्क मागणारा खटलाच भरला. २०२० मध्ये राज्याने तडजोड केली आणि सव्वानऊ कोटी डॉलरहून अधिक निधीचा प्रस्ताव विधिमंडळापुढे ठेवण्याचं वचन दिलं. तो मंजूर व्हायला २०२३ उजाडलं.

श्रोतेहो, अमेरिकेच्या पालकांना सर्वोच्च न्यायालयात जो हक्क सापडला नाही, तो आपल्या घटनेत आज लिहिलेला आहे. तोही खटल्यांतूनच आला. १९९२ साली खासगी वैद्यकीय महाविद्यालयांच्या अवाच्या सवा फीविरुद्ध मोहिनी जैन यांनी केलेल्या याचिकेत शिक्षण हा हक्क असल्याचं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तो पक्का केला. मग २००२ ची घटनादुरुस्ती, कलम २१ अ, आणि २००९ चा शिक्षण हक्क कायदा, ज्याला आपण घरोघरी आरटीई म्हणतो. खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्याव्यात आणि आठवीपर्यंत त्यांना मोफत शिकवावं, असं तो सांगतो.

या हक्काला महाराष्ट्रातच धक्का लागला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला या २५ टक्क्यांतून सूट. शहरांत राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको की एवढ्या अंतरात अशी शाळा बहुतेक ठिकाणी असतेच. म्हणजे जागा जवळजवळ संपल्याच होत्या. पालक आणि संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. मे महिन्यात स्थगिती मिळाली आणि १९ जुलै २०२४ रोजी न्यायालयाने तो बदल रद्द केला. मूळ कायद्याच्या आणि घटनेच्या विरुद्ध जाणारा नियम शासनाला करता येत नाही, हे त्याचं कारण. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला.

एजवूडच्या पालकांना एकवीस वर्षं लागली, इथे सहा महिने लागले. फरक एवढाच की आपल्या पालकांच्या हाती लिहिलेला कायदा होता. तरीही लॉटरीत नाव लागलेल्या मुलाला शाळा दारातून परत पाठवते, गणवेशाचे आणि उपक्रमांचे पैसे मागते, या मुलांच्या फीपोटी शासनाने आम्हाला द्यायची रक्कम, म्हणजे प्रतिपूर्ती, थकली आहे असं पालकांना ऐकवते, अशा तक्रारी दर वर्षी येतात. प्रतिपूर्ती थकते हे खरं आहे आणि ती वेळेवर मिळायलाच हवी. पण तो शाळेचा आणि शासनाचा हिशेब आहे, मुलाचा नाही.

तुमच्या मुलाबाबत किंवा शेजारच्या मुलाबाबत असं झालं, तर तोंडी भांडून परत येऊ नका. कायद्याच्या ३२ व्या कलमाखाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या किंवा महानगरपालिकेच्या शिक्षण विभागाकडे लेखी तक्रार करता येते. तिच्यावर तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे दाद मागता येते. अर्जात शाळेचं नाव, तारीख, मागितलेली रक्कम असेल तर ती, सगळं स्पष्ट लिहा. पावती दिली असेल तर तिची प्रत जोडा. आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घेऊन पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

नमस्कार.