मी म्हणजे माका

(माहितीपटाचं निवेदन; कंसात दृश्यं. पहाट. मालवणची जेटी. ओले दोरखंड. मागे सिंधुदुर्गाची तटबंदी.)

साडेसहाला जेटीला पहिली होडी लागते. समोर कुरटे बेट आणि त्यावर सिंधुदुर्ग. १६६४ साली याची पायाभरणी झाली. हा किल्ला कुठे आहे ते इंग्रजीत सांगायचं तर म्हणतात, 'ऑफ मालवण'. किनाऱ्यापासून सुटलेला, पण किनाऱ्याच्याच हाकेतला. एवढं सगळं त्या चिमुकल्या 'ऑफ'मध्ये मावतं. आपल्याकडे त्याला एक शब्द नाही. गरजही पडली नसावी, बोट दाखवलं की काम होतं.

(होडीवाले काका. परदेशी जोडपं होडीत चढतंय.)

काका म्हणतात, "कम, कम. फोटो विथ माय सन अँड आय."

पाहुणे हसून फोटो काढतात. काकांचं इंग्रजी चालतं, भाडंही मिळतं. पण तो 'आय' त्यांना शाळेत मिळाला. "मी अँड माय ब्रदर" असं वाक्य केलं म्हणून हातावर छडी बसली होती. काका सांगतात, "तेवापासून मी कदी 'मी' म्हणूकच नाय."

(खळं, म्हणजे घरासमोरचं अंगण. शेणाने सारवलेली जमीन. भिंतीला टेकवलेला फळा. सात मुलं.)

ही निवृत्त शिक्षिका. गावात सगळे बाईच म्हणतात. आठवड्यातून तीन संध्याकाळी त्यांच्या खळ्यात वर्ग भरतो. फी नाही. कोणी नारळ आणतं, कोणी बांगडे.

फळ्यावर एकच ओळ आहे: 'बिटवीन यू अँड', आणि पुढे रिकामी जागा.

चार मुलं म्हणतात 'आय', दोन म्हणतात 'मी'. सातवीतली एक मुलगी गप्प आहे. मग ती विचारते, "बाई, मी म्हणजे मीच ना?"

(बाईंचा चेहरा. थोडा वेळ.)

इथेच आपली गाडी अडते. इंग्रजी 'मी' आणि मराठी 'मी' कानाला सारखेच लागतात, काम मात्र उलटं करतात. आपला मी कर्ता आहे: मी जातो, मी खातो. इंग्रजीतला मी कधी कर्ता होत नाही. त्याला कोणीतरी काहीतरी देतं, कोणी बोलावतं, कोणी सोबत नेतं. पुस्तकात याला विभक्ती म्हणतात, आणि तो शब्द दिसला की मुलं खिडकीबाहेर बघू लागतात.

बाई खडू घेतात आणि 'मी'च्या खाली लिहितात, 'माका'. मालवणीतलं 'मला'.

"गिव्ह मी म्हणजे?"

"माका दी!" सातही मुलं एका सुरात.

"मग 'मी दी' म्हणतास?"

(हशा. तो तसाच ठेवला आहे.)

पुढच्या दोन मिनिटांत फळा भरतो. हिम म्हणजे तेका. हर म्हणजे तिका. अस म्हणजे आमका. देम म्हणजे तेंका. यातलं एकही पाठ करावं लागत नाही, कारण ही भाषा मुलं घरूनच घेऊन आलेली आहेत. वर्गात 'माका' म्हटलं की "नीट बोल" असं ऐकून मोठी झालेली ही मुलं. तोच शब्द आज फळ्यावर आहे, तोही बाईंच्या हस्ताक्षरात.

(फळा जवळून. खडूची धूळ.)

आता बिटवीन. या शब्दाच्या पोटात 'दोन' आहे. इंग्रजीतला टू, जुळ्यांचा ट्विन आणि हा बिटवीन एकाच कुळातले. त्याच्यापुढे सर्वनाम आलं की ते 'माका'च्या घरातलं लागतं. म्हणून बिटवीन यू अँड मी. आपणही 'तू आणि मीत' म्हणत नाही, तुझ्यामाझ्यात म्हणतो. प्रत्यय लागायच्या आधी आपला शब्द अंग बदलतो: मासा, माशाला. रस्ता, रस्त्यार. हजारेक वर्षांपूर्वी इंग्रजी नामंही अशीच बदलत असत. पुढे ती रीत मोडली आणि तो बदल सर्वनामांपुरता उरला. त्यातही 'यू'ने घोटाळा केला. पूर्वी कर्त्याला 'यी' होता आणि 'यू' होता माकाच्या बाजूचा. 'यी' गेला आणि 'यू' दोन्हीकडे बसला. त्यामुळे 'बिटवीन यू अँड' एवढं ऐकून पुढे काय यावं याचा पत्ता लागत नाही. खुद्द शेक्सपियरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये अँटोनिओ पत्रात 'बिटवीन यू अँड आय' लिहून बसला आहे. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, त्याका छडी बसली काय.

(किनारा. वाळूत ओढून ठेवलेली रिकामी होडी. दोन मुलं तिच्यात बसली आहेत.)

बाईंची तपासणी अशी. होडीत दोघे: भाऊ आणि 'आय'. वाक्य: गिव्ह इट टू माय ब्रदर अँड आय. आता भावाला उतरवा.

(मुलगा उडी मारतो.)

उरलं काय? गिव्ह इट टू आय. कान लगेच सांगतो, चुकलं. मग 'आय'लाही उतरवायचं आणि 'मी'ला बसवायचं. 'फोटो विथ माय सन अँड आय'मधून काकांच्या झिलालाही, म्हणजे मुलालाही, असंच उतरवून झालं. हा खेळ आम्ही दोनदाच करा म्हटलं होतं. मुलांनी तो अंधार पडेपर्यंत खेळला.

याच होडीवर आणखी एक गंमत. बाई विचारतात, बाबा कुठे? एक जण म्हणतो, होडीत. दुसरा म्हणतो, बोटीवर कामाक. लहान होडी असली तर माणूस तिच्यात, मोठी बोट असली तर तिच्यावर. इंग्रजीतही तसंच: इन अ कनू, ऑन अ शिप. हे या मुलांना कोणी शिकवलेलं नव्हतं.

(रापण. सकाळची तिरकी उन्हं. दोन्ही बाजूंना दोरांवर माणसं.)

रापण. होडीने समुद्रात अर्धगोल जाळं सोडायचं, दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि दोन्हीकडून माणसांनी ओढायचं. म्हातारे, पोरं, बायका. घाई करून चालत नाही. एक बाजू पुढे गेली तर जाळं तिरपं होतं आणि मासे फटीतून निसटतात. म्हणून दोन्ही बाजू एकमेकींकडे बघत ओढतात. पाय वाळूत रुततात, टाच मागे, अंग मागे, पुन्हा टाच मागे.

(हात. फक्त हात.)

एक हात सरकतो, त्याच्या पुढे दुसरा. इंग्रजीत याला हँड ओव्हर हँड म्हणतात. माणसं उभी आहेत शोल्डर टू शोल्डर, खांद्याला खांदा लावून. इथे नाम तेच दोनदा आलं आणि मधे एक छोटा शब्द. अशा जोडीत इंग्रजी आपलं 'अ' आणि 'द' किनाऱ्यावरच ठेवून येतं. डोअर टू डोअर, फेस टू फेस, डे बाय डे. आपल्याकडे मधला शब्दही विरघळून गेलाय: दारोदार, समोरासमोर, दिवसेंदिवस.

जाळं ओढा म्हणायचं तर पुल इन द नेट चालतं, पुल द नेट इन चालतं. पण जाळ्याच्या जागी 'इट' आलं की एकच वाट उरते: पुल इट इन. सर्वनाम हलकं असतं, ते मधे सरकतं. मुलगी दोर ओढता ओढता हे तीनदा ओरडते.

(जाळं किनाऱ्याला लागतं. मासळी. निवेदन नाही.)

(स्वयंपाकघर. कपबशी.)

चहा. कप आणि बशी वेगळ्या सांगायच्या नसतात, कपबशी. इंग्रजीत अ कप अँड सॉसर. 'अ' एकदाच, कारण दोघं मिळून एक वस्तू. मीठ-मिरचीला तिकडे सॉल्ट अँड पेपर, आणि मीठ तिथेही पहिलं. स्वतःचा नंबर मात्र तिकडे शेवटी: माय ब्रदर अँड आय. आपण बिनधास्त म्हणतो, मी आणि माझा भाऊ. उद्धटपणा नाही, रीत आहे. आणि आम्ही जेवलो की आपण जेवलो, हा फरक त्यांच्या एकट्या 'वी'ला सांगता येत नाही. पाहुण्याला ताटावर बोलावताना तो लागतो.

(पोंभुर्ले. बाळशास्त्री जांभेकरांचं स्मारक.)

पोंभुर्ले, तालुका देवगड. इथल्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ला 'दर्पण' हे वृत्तपत्र काढलं. एका पानावर दोन रकाने: एक इंग्रजी, एक मराठी, शेजारी शेजारी. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली.

बाईंच्या वर्गातल्या दोघी आता सुट्टीत पर्यटकांना गाव दाखवतात.

(जेटी, संध्याकाळ. शेवटची होडी. मुलगी नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकावर बसलेली.)

काका पुन्हा फोटोला उभे आहेत. "विथ माय सन अँड..." ते थांबतात, नाळेकडे बघतात.

मुलगी मागे न वळता म्हणते, "काका, झिलाक उतरवा."