कोबीचा डोंगर आणि दोन उलथणी

नमस्कार श्रोतेहो.

थालीपीठ तव्यावर पडलं की आपला हात काय करतो? उलथणं घेतो आणि दाबतो. कडा दाबतो, मधे दाबतो, उलटलं की पुन्हा दाबतो. कुणी शिकवलेलं नसतं, आईला बघूनच ते हातात उतरतं. गेल्या ऑक्टोबरात जपानमधल्या ओसाका शहरात माझ्या याच हाताने मला तोंडघशी पाडलं.

आमची लेक तिथे नोकरीला आहे. पहिल्याच संध्याकाळी तिने आम्हा दोघांना एका गजबजलेल्या हॉटेलात नेलं. तिथे प्रत्येक टेबलाच्या मधोमध लोखंडी तवा बसवलेला होता. टेबलाएवढाच म्हणा ना! पोऱ्याने एका वाडग्यात कोबी, पीठ, अंडं असं सगळं आणून दिलं. आपलं आपण कालवायचं, आपणच तव्यावर घालायचं. पदार्थाचं नाव ओकोनोमियाकी. ओकोनोमि म्हणजे तुम्हाला आवडेल ते, आणि याकी म्हणजे भाजलेलं. मी म्हटलं, हे तर आपलंच काम! गोल घातलं, कडा सारख्या केल्या, उलटलं आणि उलथण्याने चांगलं दाबलं. तो पोऱ्या पलीकडच्या टेबलावरून धावत आला आणि छातीसमोर दोन्ही हातांची फुली करून उभा राहिला. लेक हसायला लागली. “आई, दाबायचं नाही गं. त्यातली हवा जाते, मग ते गच्च होतं.”

झालंही तसंच. गच्च गोळा. तरी चव मात्र जिभेवर राहिली. पिठात यामाइमो नावाचा चिकट कंद किसून घालतात, त्याने आतला भाग हलका राहतो. वर काळसर गोड-आंबट सॉस, मेयोनीज, हिरव्या शेवाळाची पूड आणि कात्सुओबुशी. हा सुकवलेल्या, धुरवलेल्या बोनिटो माशाचा कीस, बोनिटो म्हणजे आपल्या कुप्याच्या कुळातला. कागदाहून पातळ असतो. खालच्या वाफेने तो असा वळवळतो की आमचे हे खुर्ची मागे सरकवून म्हणाले, “जिवंत आहे की काय?”

यांचं पुराण इथूनच सुरू झालं. हे शाकाहारी, अंडं तेवढं चालतं. मांस नको म्हटलं की सुटलो, असं आम्हाला वाटलं होतं. पण पिठातच माशाचं पाणी असतं. आणि नेहमीच्या सॉसमध्येही मांसाचा आणि कालवांचा अर्क असतो. कडक शाकाहारी श्रोत्यांनी हे ध्यानात ठेवावं. त्या रात्री यांनी कोरडा भात आणि उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा खाल्ल्या, आणि हॉटेलच्या खोलीत येऊन भडंगाची पिशवी फोडली.

दोन दिवसांनी आम्ही हिरोशिमाला निघालो. ओसाकाहून बुलेट ट्रेनने दीड तासाच्या आत. मधे ओकायामा स्टेशन लागलं. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे ना, ते ज्या शहराच्या मैत्रीखातर आणि तिथल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभं राहिलं, ते हे ओकायामा. हे खिडकीला नाक लावून बाग शोधत होते. गाडी जेमतेम मिनिटभर थांबली.

हिरोशिमातलं स्मारक, ती उघडी पडलेली घुमटाची इमारत, संग्रहालय, यांबद्दल तुम्ही पुष्कळ ऐकलेलं आहे. मी आज तिकडे वळत नाही. पण संग्रहालयातून बाहेर पडल्यावर भूक लागल्याचं बोलून दाखवायलाही कसंसंच वाटतं, एवढं सांगते.

शिन्तेन्चि भागात ओकोनोमिमुरा नावाची एक इमारत आहे. मुरा म्हणजे गाव. दुसऱ्या मजल्यापासून चौथ्यापर्यंत नुसती ओकोनोमियाकीची दुकानं, दोन डझनांच्या आसपास, एकमेकांना खेटून. जिथे रांग मोठी, तिथे आम्ही उभे राहिलो. हा आपला मुंबईच्या वडापावचा नियम. तासाभराने जागा मिळाली. समोर लांबलचक तवा आणि त्यापलीकडे पासष्टीच्या पुढची एक बाई. डोक्याला रुमाल, दोन्ही हातांत दोन रुंद उलथणी. इथे गिऱ्हाइकाने काही करायचं नसतं, फक्त बघायचं.

त्यांनी पळीभर पातळ पीठ तव्यावर घातलं आणि पळीच्याच पाठीने फिरवून गोल केलं. आपल्या घावनाहून पातळ. त्यावर माशाची पूड भुरभुरली. मग कोबी, केसासारखा बारीक चिरलेला. दोन्ही हातांनी घातला, तरी घालतच राहिल्या. चांगला वीतभर डोंगर झाला. त्यावर मोड आलेल्या कडधान्याचे लांब कोंब, तळलेल्या पिठाची कुरकुरीत कणी, डुकराच्या मांसाचे लांब पातळ काप आणि वरून थोडं पीठ. मला वाटलं, आता हे उलटायचं कसं? बाईंनी दोन्ही उलथणी दोन बाजूंनी आत सारली, मनगट वळलं आणि डोंगर पालथा. कोबीचे एक-दोन धागे बाहेर पडले, तेही त्यांनी उलथण्याच्या टोकाने आत ढकलली.

आणि मग त्या थांबल्या. बराच वेळ. शेजारच्या गिऱ्हाइकाशी बोलल्या, ग्लास विसळले. पिठाच्या टोपीखाली कोबी स्वतःच्याच पाण्यात वाफवत होता. झाकण नाही, पाण्याचा हबका नाही. डोंगर हळूहळू बसत गेला. बाजूला त्यांनी नूडल्स सॉस घालून परतल्या, गोल पसरल्या आणि कोबीचा तो थर उचलून त्यांच्यावर ठेवला. मग अंडं फोडून तव्यावर पसरलं, सगळी चळत त्यावर, आणि आता, श्रोतेहो, त्यांनी दाबलं! दोन्ही उलथणी आडवी धरून, अंगाचा भार देऊन. चर्र आवाज झाला. मी लेकीला कोपराने ढोसलं, “बघ, दाबलं!” लेक म्हणाली, “हो, पण कधी दाबलं ते बघ ना.”

ओसाकात सगळं कालवतात, इथे थरावर थर रचतात. दोन्ही शहरांत यावरून तणातणी आहे. या प्रकाराला हिरोशिमा-याकी म्हटलेलं इथल्या लोकांना खपत नाही. त्यांच्या लेखी हीच ओकोनोमियाकी, बाकीच्यांनी आपापलं नाव शोधावं.

युद्धाआधी इथे इस्सेन योशोकु म्हणून पोरांचा खाऊ मिळे. म्हणजे एका सेनचं विलायती खाणं. येनचा शंभरावा भाग तो सेन. पातळ धिरड्यावर थोडी कांद्याची पात, वर सॉस. तो सॉस विलायती, म्हणून खाणंही विलायती! मग ६ ऑगस्ट १९४५ उजाडला. त्यानंतर शहरात तांदूळ नव्हता, अमेरिकेच्या मदतीतून गव्हाचं पीठ आलं. लोखंडी पत्र्यावर धिरडी निघू लागली. पात महाग, कोबी स्वस्त, म्हणून कोबी आला. पोट भरेना, म्हणून पुढे नूडल्स आल्या. पोरांचा खाऊ मोठ्यांचं जेवण झाला. इथल्या कितीतरी दुकानांच्या नावाशेवटी ‘चान’ असतं. ते लाडाने हाक मारायचं, आपण सुमी, बाळ्या म्हणतो तसं. सांगतात की युद्धात घरधनी गमावलेल्या बायकांनी घराच्या पुढच्या भागात तवे मांडले आणि दुकानाला आपलंच नाव दिलं.

यांच्यासाठी लेकीने जपानीत चिठ्ठी लिहून नेली होती. मांस नको, माशाची पूड नको, सॉस नको. बाईंनी ती दोनदा वाचली, तव्याचा एक कोपरा लखलखीत खरवडला आणि तिथे यांचं वेगळं रचलं. मीठ-मिरपूड घालून यांच्यापुढे सरकवलं.

खायचं तव्यावरूनच, हातात छोटं उलथणं घेऊन. त्याला हेरा म्हणतात. कापायचं आणि त्यावरूनच तोंडात टाकायचं. जीभ पोळलीच. पण कोबी! साखर घातल्यासारखा गोड, आणि लगदा मुळीच नाही. वरचा सॉस मात्र कुठेतरी खाल्ल्यासारखा वाटत होता. मासा नव्हे, सोया नव्हे, मग काय? लेकीने भिंतीशी ठेवलेली बाटली दाखवली, ओताफुकु. हिरोशिमाचीच कंपनी, आणि यात खजूर असतो, म्हणाली. मग पेटली ट्यूब! सारसबागेबाहेरच्या भेळेची चटणी. चिंच नाही एवढंच.

यांनी आपली ओकोनोमियाकी शेवटच्या कोबीपर्यंत संपवली. निघताना बाईंकडे बघून, मराठीतच, “अन्नदात्री सुखी भव” म्हणाले. बाईंनी काय ऐकलं कुणास ठाऊक, कमरेतून वाकून नमस्कार केला. ट्राममध्ये बसल्यावर आमच्या तिघांच्या कपड्यांना तव्याचा वास येत होता. समोरच्या सीटवरच्या आजोबांनी हुंगलं, हसले, आणि हाताने काहीतरी उलटल्याची खूण केली.